ते तेरा टक्के कुठे ठेवले होते?

माझी आत्या चौथीपर्यंत शिकलेली, पण हिशेबाला पक्की. २०१२ साली गावाकडच्या घरातला तिचा वाटा विकला गेला आणि ९ लाख रुपये तिच्या हातात आले. ते कुठे ठेवावेत हे विचारायला ती माझ्याकडे आली. मी तेव्हा एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो. घरात बँकेतला माणूस मीच. तिच्या तालुक्याच्या गावी दुसरी एक सहकारी बँक होती आणि ती मुदत ठेवीवर पाऊण टक्का जास्त व्याज देत होती. मी त्या बँकेचा वार्षिक अहवाल मागवून घेतला, शेवटच्या पानांवरचे तक्ते पाहिले आणि तिला सांगितले, "भांडवल पर्याप्तता तेरा टक्के आहे. नियम नऊचा आहे. खुशाल ठेव."

दोन वर्षांनी त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सहा महिन्यांत एका खात्यातून एक हजार रुपये, एवढेच काढता येणार होते. मी आत्याला भेटायला गेलो. ती रडली नाही, मला बोलही लावला नाही. ओट्यावर बसून तिने एवढेच विचारले, "मग ते तेरा टक्के कुठं ठेवले होते रे?"

मला उत्तर देता आले नाही. २८ वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ते यायला हवे होते. निवृत्त झाल्यावर या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, जे जुन्या फायलींतून आठवले, ते इथे मांडतो आहे. ज्यांची आयुष्याची पुंजी बँकेत आहे अशा कुणालाही हा प्रश्न पडू शकतो, आणि तो पडायलाच हवा.

तिजोरीत नसलेले भांडवल

आत्याचा समज असा होता की बँकेने दर शंभर रुपयांमागे १३ रुपये कुठेतरी बाजूला काढून ठेवले असणार. हा समज अनेक सुशिक्षितांचाही असतो, आणि त्याला कारण आहे. बँकांना ठेवींचा काही भाग खरोखरच बाजूला ठेवावा लागतो: काही रोख रिझर्व्ह बँकेकडे, काही सरकारी रोख्यांत. पण तो वेगळा नियम. भांडवलाचा त्याच्याशी संबंध नाही.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचे उदाहरण घेऊ. दुकानात १० लाखांचा माल आहे. त्यातला ९ लाखांचा माल त्याने घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणला आणि १ लाख घरचे घातले. त्याला विचारले, "तुझे स्वतःचे लाख रुपये कुठे ठेवलेस?" तर तो काय दाखवणार? ते साखरेच्या पोत्यात आहेत, तेलाच्या डब्यात आहेत, उधारीच्या वहीत आहेत. भांडवल म्हणजे पैसा कुठे ठेवला याचे उत्तर नव्हे. पैसा कुणाचा आहे याचे ते उत्तर आहे.

बँकेचे तसेच. समजा, एका बँकेची कर्जे, रोखे, रोकड असे सगळे मिळून येणे १०० कोटी आहे. त्यातले ९२ कोटी ठेवीदारांचे आणि ८ कोटी भागधारकांचे व साठलेल्या राखीव निधीचे. कर्जांपैकी ५ कोटी बुडाले, तर येणे ९५ उरते. ठेवीदारांचे देणे मात्र ९२ च राहते, कारण ठेवीदाराला बँकेने ठरलेली रक्कम द्यायचे कबूल केलेले असते. मालकाचे ८ होते, ते ३ झाले. ठेवीदाराला पत्ताही लागत नाही. पण ९ कोटी बुडाले तर मालकाचे सगळे संपून वरचा एक कोटी ठेवीदाराच्या अंगावर येतो. भांडवलाचे काम एवढेच: तोट्याचा पहिला घाव अंगावर घ्यायचा.

त्याचे दुसरेही एक काम आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. ज्याचे स्वतःचे पैसे आधी बुडणार असतात, तो कर्ज देताना डोळे उघडे ठेवतो. शंभरातले तीनच रुपये आपले असतील तर जुगार खेळायला माणूस धजावतो. जिंकलो तर नफा आपला, हरलो तर बहुतेक दुसऱ्याचे गेले.

बासेलचा आकडा

मग किती भांडवल पुरेसे? या प्रश्नाला जगाने मिळून उत्तर द्यायचे ठरवले, त्याची सुरुवात एका बुडालेल्या बँकेपासून झाली. २६ जून १९७४ रोजी कोलोन शहरातली हेर्श्टाट बँक जर्मन अधिकाऱ्यांनी बंद केली. परकीय चलनाच्या सट्ट्यात ती बुडाली होती. त्या दिवशी अनेक बँकांनी तिला जर्मन मार्क चुकते केले होते. बदल्यातले डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते. तिथे तेव्हा सकाळ होती. डॉलर मिळालेच नाहीत. एका देशातली बँक दुसऱ्या देशातल्या बँकांना कशी ओढते हे दिसले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दहा प्रमुख देशांच्या मध्यवर्ती बँकांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेल येथे एक समिती नेमली.

या समितीचा पहिला मोठा करार जुलै १९८८ मधला. जोखमीनुसार वजन दिलेल्या मालमत्तेच्या किमान ८ टक्के भांडवल हवे, असे ठरले. वजन द्यायचे म्हणजे असे: प्रगत देशांच्या सरकारी रोख्यांना शून्य, घरकर्जाला ५०, उद्योगाला दिलेल्या कर्जाला १००. शंभर कोटींचे घरकर्ज हिशेबात पन्नास कोटी धरायचे. आपल्याकडे १९९१ च्या नरसिंहम समितीने ही पद्धत आणावी असे सुचवले, १९९२ पासून ती लागू होऊ लागली आणि मार्च २००० पासून व्यापारी बँकांसाठी प्रमाण ९ टक्के झाले. २००८ च्या जागतिक संकटानंतर बासेलचा तिसरा करार आला. आज आपल्या व्यापारी बँकांना ९ टक्के आणि त्यावर अडीच टक्क्यांची जादा गंगाजळी, असे साडेअकरा टक्के राखावे लागतात. नागरी सहकारी बँकांचे २०२२ मध्ये ठेवींच्या आकारानुसार चार स्तर केले गेले. सर्वांत लहान स्तराला ९ टक्के आणि वरच्या तिघांना ३१ मार्च २०२६ पर्यंत १२ टक्के गाठायचे, असा नियम झाला.

इथवर सगळे सरळ दिसते. आकडा वाढवा, बँका भक्कम होतील. मीही अहवाल पाहताना असाच विचार केला होता. माझी चूक कुठे झाली हे पुढे दोन बँकांच्या गोष्टींतून उमगले.

वजाबाकीतून निघणारी रक्कम

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ३१ मार्च २०१९ च्या अहवालात भांडवल पर्याप्तता १२.६२ टक्के होती. ढोबळ थकीत कर्जे ३.७६ टक्के. ठेवी साडेअकरा हजार कोटींच्या वर. या आकड्यांवर कुणीही त्या बँकेला चांगली म्हटले असते. सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध आले. उघड झाले ते असे: एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती झाकण्यासाठी २१ हजारांहून जास्त बनावट खाती पुस्तकांत दाखवली होती. मार्च २०२० चा ताळेबंद आला तेव्हा बँकेचे नक्त मूल्य उणे ५,८०० कोटींच्याही खाली होते. एका वर्षात एवढे भांडवल कुठे गेले? कुठेच गेले नाही; ते आधीच नव्हते.

भांडवल कुणी नोटा मोजल्यासारखे मोजत नाही. येण्यातून देणे वजा केले की जे उरते ते भांडवल. देणे ठाम असते. ठेवीदाराच्या पावतीवर आकडा छापलेला असतो. येणे मात्र बँकेच्या मतावर असते. अमुक कर्ज वसूल होईल असे व्यवस्थापन म्हणते, लेखापरीक्षक मान डोलावतो, आणि ती रक्कम येण्यात धरली जाते. येणे ५ टक्क्यांनी फुगवले तर भांडवल ५ टक्क्यांनी फुगत नाही. शंभरात आठ असतील तर ते तेरा दिसू लागते. तेरा हा आकडा लिहिताना आजही माझा हात अडखळतो.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली आणि तिच्यात बनावट खाते एकही नाही. कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचे उत्तम दर्जाचे भांडवल २०२२ च्या अखेरीस १२ टक्क्यांच्या आसपास होते. तिचा मोठा पैसा सरकारी आणि सरकारची हमी असलेल्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत होता. व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची बाजारातली किंमत पडते. २०२२ मध्ये ती सपाटून पडली. पण रोखे मुदतीपर्यंत ठेवणार असे म्हटले की हिशेबात मूळ किंमत धरता येते. अशा न दाखवलेल्या तोट्याची रक्कम सुमारे १५ अब्ज डॉलर होती आणि बँकेचे सगळे भांडवल सुमारे १६ अब्ज. ठेवीदारांनी हे गणित मांडले. ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली.

एकीकडे लबाडी, दुसरीकडे नियमात बसणारी सोय. दोन्हींकडे प्रमाण किमान मर्यादेच्या बरेच वर, आणि दोन्हींकडे त्याखालचे येणे पोकळ. शिवाय दुसऱ्या गोष्टीतून आणखी एक मर्यादा दिसते. ठेवीदार दारात उभा राहिला की त्याला रोकड लागते. भांडवल साखरेच्या पोत्यात असते. ते त्या दुपारी मोजून देता येत नाही.

कर्जदाराच्या पैशाचे भांडवल

सहकारी बँकांची आणखी एक अडचण आहे, आणि तिच्यात माझा स्वतःचा हात लागलेला आहे. आमच्या बँकेत तारणी कर्ज मंजूर झाले की मी अडीच टक्के रक्कम शेअर्सपोटी कापून घेत असे. बिनतारणी असेल तर पाच टक्के. नियमच तसा होता. १० लाखांच्या तारणी कर्जातले २५ हजार कर्जदाराच्या नावे भागभांडवलात जमा होत आणि उरलेले ९ लाख ७५ हजार त्याच्या खात्यात पडत. कर्जदार सभासद झाला, बँकेचे भांडवल वाढले, असे आम्ही म्हणायचो.

आता बाजूला बसून पाहिले की ध्यानात येते, ते २५ हजार बाहेरून आलेच नव्हते. बँकेनेच दिलेल्या कर्जातून ते बँकेचे भांडवल झाले होते. कर्जदाराने हप्ते थकवले, तर येणेही संशयास्पद आणि ते भांडवलही त्याच माणसाचे. उलट त्याने कर्ज फेडले, तर तो शेअर्सचे पैसे दर्शनी किमतीला परत मागतो. बँकेची स्थिती नियमात बसत असेल तर ते द्यावेही लागतात. म्हणजे चांगला कर्जदार भांडवल घेऊन जातो आणि वाईट कर्जदार ठेवून जातो. हे शेअर्स बाजारात विकले जात नाहीत, त्यामुळे बँक आजारी पडली तर भाव पडून कुणाला चाहूल लागण्याचीही सोय नाही. आणि सभेत मत असते सभासदाला. ज्याचे सगळ्यात जास्त अडकलेले असते तो ठेवीदार सभासद नसेल तर त्याला सभेत बसायलाही जागा नाही.

हे लिहिताना सहकारावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. याच कायद्याने नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायला लावला आहे. तो कुणा सभासदाला मागता येत नाही, वाटता येत नाही. ज्या जुन्या बँका पन्नास-पाऊणशे वर्षे टिकल्या, त्यांच्या ताळेबंदात भागभांडवल लहान आणि राखीव निधी मोठा दिसतो. खरे भांडवल ते. २०२० च्या कायदादुरुस्तीने सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने इतर मार्गांनीही भांडवल उभारायची वाट दिली, आणि ज्यांचे प्रमाण ठीक आहे त्यांना कर्जातून शेअर्स कापण्याची सक्तीही आता उरलेली नाही.

एक बँक आणि सगळ्या बँका

आतापर्यंत एकेका बँकेचे बोललो. सगळ्या बँका मिळून जी व्यवस्था होते तिचे गणित थोडे निराळे आहे.

नियम ९ टक्क्यांचा असताना १०० कोटींच्या कर्जांमागे बरोबर ९ कोटी भांडवल असलेली बँक घ्या. एक कोटी बुडाला. भांडवल ८ झाले. आता ८ कोटींवर जास्तीत जास्त ८९ कोटींच्या आसपास कर्जे ठेवता येतात. म्हणजे एक कोटी बुडाला म्हणून बँकेला दहा कोटींची कर्जे आखडती घ्यावी लागतात. एका बँकेने हे केले तर तो शहाणपणा. मंदीत सगळ्यांनी एकदम केले तर चांगल्या कारखानदारालाही खेळते भांडवल मिळत नाही, सगळे एकाच वेळी मालमत्ता विकायला काढतात, भाव पडतात, आणखी कर्जे थकतात. व्यवस्था वाचवायला केलेला नियम व्यवस्थेलाच खाली ओढू लागतो. म्हणून तिसऱ्या बासेल कराराने किमान मर्यादेच्या वर जादा गंगाजळी सांगितली: चांगल्या काळात साठवा, वाईट काळात वापरा, फक्त तोवर लाभांश वाटू नका.

दुसरी अडचण वजनांची. ज्याला वजन शून्य, तिकडे सगळे वळतात. युरोपात ग्रीस सरकारच्या रोख्यांना भांडवलाच्या हिशेबात शून्य वजन होते. २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांना दर्शनी रकमेच्या ५३.५ टक्के सोडावे लागले. सायप्रसच्या दोन मोठ्या बँकांकडे हे रोखे भरपूर होते. मार्च २०१३ मध्ये त्या कोसळल्या आणि बँक ऑफ सायप्रसमधल्या १ लाख युरोंवरच्या ठेवींपैकी ४७.५ टक्के रक्कम शेअर्समध्ये बदलली गेली. ठेवीदार झोपेत भागधारक झाले. असे धडे मिळाल्यामुळेच आता वजने न लावता, सरळ एकूण मालमत्तेशी भांडवलाचे प्रमाण पाहणारी दुसरी मोजपट्टीही वापरतात.

मग भांडवल वाढवून संकटे टळतात का? ऑस्कर जोर्दा, ब्योर्न रिश्टर, मोरित्झ शुलारिक आणि ॲलन टेलर या अर्थशास्त्रज्ञांनी १७ प्रगत देशांतल्या बँकांचे १८७० पासूनचे ताळेबंद गोळा केले. निष्कर्ष मला अनपेक्षित होता. भांडवलाचे प्रमाण पाहून संकट येणार की नाही हे सांगता येत नाही. ते सांगते कर्जांची बेफाम वाढ. पण संकट आल्यावर मात्र ज्या देशांच्या बँकांकडे भांडवल जास्त होते, ते देश लवकर सावरले. बाकीच्यांना मंदी खोल गेली आणि लांबली.

आपलाच ताजा अनुभव याला धरून आहे. २०१५ पर्यंत आपल्या सरकारी बँकांची प्रमाणे कागदावर ठीक होती, कारण थकलेल्या मोठ्या कर्जांना मुदती वाढवून देत ती चांगली म्हणून दाखवली जात. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या दर्जाची कसून तपासणी सुरू केली. थकीत कर्जांचा आकडा वाढत मार्च २०१८ मध्ये ११ टक्क्यांच्या वर गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने २ लाख ११ हजार कोटींचे भांडवल घालण्याची योजना जाहीर केली. तेव्हा अनेकांना वाटले, रिझर्व्ह बँकेनेच रोग आणला. पण आधी खरे मोजले, मग भरले, आणि करोनाची साथ आली तेव्हा व्यवस्था उभी राहिली. क्रम उलटा असता, म्हणजे न मोजताच भरले असते, तर ते पैसेही पोकळीत गेले असते.

आत्याला सांगायचे ते

त्या बँकेचा परवाना २०१७ मध्ये रद्द झाला. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा १ लाखाची होती, १९९३ पासूनची. आत्याला एक लाख मिळाला. उरलेल्या आठ लाखांसाठी ती अवसायकाच्या यादीत आहे. पण वसुली होईल तिच्यातून आधी विमा महामंडळाची परतफेड होते, त्यामुळे मी तिला आशा दाखवत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा ५ लाख झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. तिच्या वेळी हे असते तर पाच लाख तरी वेळेत हाती आले असते.

आज कुणी माझ्यापुढे बँकेचा अहवाल ठेवला तर मी पर्याप्ततेचा आकडा शेवटी पाहतो. आधी पाहतो की भांडवलात राखीव निधी किती आणि भाग किती. मग गेल्या तीन वर्षांत कर्जे कोणत्या वेगाने वाढली. शेजारच्या बँकांच्या दुप्पट वेगाने वाढली असतील तर का. मग पहिल्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जांचा किती भाग आहे. मग लेखापरीक्षकाचे शेरे, विशेषतः बारीक अक्षरातले. आणि बाजारापेक्षा पाऊण टक्का जास्त व्याज ही बँक कशाच्या जोरावर देते, हा प्रश्न. हे सगळे २०१२ साली त्या अहवालात मला दिसू शकले असते. मी एक आकडा पाहिला आणि अहवाल मिटला.

गेल्या दिवाळीत भाऊबिजेला वडिलांना ओवाळायला आत्या घरी आली होती. फराळ झाल्यावर मी तिला दुकानदाराचे उदाहरण देऊन सगळे समजावले. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "म्हणजे पोत्यात साखर आहे का भुसा, ते कुणी बघितलंच नाही."

"नाही," मी म्हणालो, "मीपण नाही."